हिरव्या कादंबरीतली आई

४ जून

मावशी,

पार्सल मिळालं. तिन्ही कादंबऱ्या वाचून झाल्या आणि आता तुझ्याशी भांडायला बसलेय. बसलेय म्हणजे पडलेय. डॉक्टरीणबाईंनी डाव्या कुशीवर पडून राहायला सांगितलंय, त्यामुळे अक्षर उताराला लागलेल्या गाडीसारखं खाली खाली जातंय. सांभाळून घे.

मी तुला काय लिहिलं होतं? दिवसभर छताकडे बघून डोकं फिरायची वेळ आलीये, घरातल्या माणसांच्या चांगल्या जाडजूड कादंबऱ्या पाठव. तू काय पाठवलंस? पहिलीत आई दुसऱ्याच पानावर बाळंतपणात जाते. बाळ वाचतं, आणि पुढची चारशे पानं आपण आईविना वाढलो हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटतं. दुसरीतली आई जिवंत आहे, पण इतकी सोशिक की मला तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. शेवटी थोरला मुलगा तिच्या पायांवर डोकं ठेवतो, लगेच ती डोळे मिटते. जणू तेवढ्यासाठीच थांबली होती. तिसरीतली आई कजाग. लेखकाला तिचं काय करावं ते सुचलं नाही, म्हणून जिन्यावरून पडली.

मावशे, तू वाचनालय चालवतेस की स्मशान? तुझ्या कपाटात एक तरी धडधाकट आई आहे की नाही? मला सातवा महिना चाललाय. पहिली कादंबरी संपवली त्या संध्याकाळी माझं ब्लडप्रेशर इतकं वाढलं की नवरोबा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम अर्धवट टाकून घरी आला. तिथं दोन माणसं मजल्यांच्या मधे अडकली होती म्हणे.

मी कशाला घाबरते ते तुला ठाऊक आहे. मरणाला नाही. आईच्या त्या वाक्याला. गोड बातमी सांगायला मी मुद्दाम तिच्याकडे गेले, तर बाई ड्रायव्हिंगच्या शिकवणीच्या गाडीत. शेजारी एक शिकाऊ मुलगी घाम पुसत बसलेली. आई खाली उतरलीसुद्धा नाही. काच खाली केली, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही. तू कसली आई होणार?" आणि काच वर. तेव्हापासून मी तिच्याशी बोललेले नाही. बाळंतपणाला येते म्हणाली, नको म्हणून कळवून टाकलं. तिच्या पायाखाली नेहमी वेगळा ब्रेक असतो आणि मला तो माझ्या घरात नकोय.

हे तिला सांगायचं नाही, तुला शपथ आहे. तिचं तिला आठवलं तर आठवू दे. पण मी इथं पडल्या पडल्या रोज विचार करते, खरंच कसली होणार मी? पोहायला शिकवते तेव्हा पाण्यात दहा-दहा पोरं सांभाळते, एक बुडू दिलं नाही आजवर. पण ती तासाभरानं आपापल्या घरी जातात.

एक जिवंत आई पाठव. हसरी नसली तरी चालेल.

तुझी,
भिंगरी (सध्या बंद पडलेली)


११ जून

भिंगरे,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की खालच्या मजल्यावरचा घड्याळजी वर बघायला आला. मग तुझ्या ब्लडप्रेशरचं वाचलं आणि हसू आवरलं.

अगं, दोष कपाटाचा नाही, धंद्याचा आहे. आई घरात धडधाकट असली की कादंबरीचं कामच होत नाही. मूल रडलं, आईनं घेतलं, मूल गप्प झालं. संपलं, लेखकानं आता काय लिहायचं? म्हणून बिचारा आधी आईला उचलतो. मग पोरं रस्ता चुकतात, बाप दारू पितो, थोरली लेक लग्न मोडते आणि दोन खंड भरतात. उचलायला मन झालं नाही तर तिला देवी करून कोपऱ्यात बसवतो. वाचनालयात माझे केस पांढरे झाले, पण आईला कंटाळा आलाय, तिला कोणाचा तरी खून करावासा वाटतोय आणि तरी ती पोराची नखं कापतेय, असं पान मी फार कमी वाचलं.

तरीही तुझ्यासाठी एक शोधलीये, हिरव्या पुठ्ठ्याची. तीन मुलं, आई, बाप, एक घर. यातली आई मरत नाही, याची हमी माझी. पुस्तक जुनं आहे, शिवण सैल झाली होती ती मी नव्यानं घातलीये. मधेच कुठं तुटक वाटलं तर गोंधळू नकोस, जुन्या लेखकांची तशी लिहायची तऱ्हाच असते.

ताईबद्दल तू शपथ घातलीस, ती मी पाळीन. पण एवढं सांगते, मला तुमच्या दोघींच्या मधे उभं राहून मान दुखायला लागलीये. ती तुझी चौकशी माझ्याकडे करते, तू तिचा राग माझ्याकडे काढतेस. मी काय टपाल कचेरी आहे?

गोळ्या वेळेवर घे.

मावशी


११ जून

ताई,

तुझी लेक बरी आहे, पडून आहे, नियमानं खाते आहे. का रागावली आहे ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. विचारू नकोस.

आज मी जे केलं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. ती हिरवी कादंबरी तुला आठवते? तू वाचली होतीस, आणि आई तापानं जाते तिथं इतकी रडली होतीस की दुसऱ्या दिवशीच्या शिकवण्या रद्द केल्यास. पोरीला जिवंत आई हवी होती. सगळं कपाट पालथं घातलं, सापडेना. मग मी ब्लेड घेतलं. ताप चढतो तिथपासून रडारड संपते तिथपर्यंतची पानं कापली आणि पुस्तक पुन्हा शिवलं. पुढं धाकटा पोरगा "आई कुठे आहे?" असं तीन वेळा विचारतो, त्याची उत्तरं अडचणीची होती. रद्दीतल्या एका पुस्तकात त्याच टायपात "आई आत आहे" हे वाक्य तीनदा सापडलं. ते कापून तिन्ही ठिकाणी चिकटवलं. आता बाई सुखरूप आहे.

मी लोकांना पानाचा कोपरा दुमडला तरी फैलावर घेते. आज स्वतःच्या हातानं पुस्तक फाडलं. पण पोरीचं ब्लडप्रेशर आधी.

तुझी,
धाकटी


२७ जून

मावशी,

हे पुस्तक आजवर लपवून कुठं ठेवलं होतंस?

मी दोनदा वाचलं. नवरोबाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, काही कळलं नाही, पण भीती वाटली. मी इतकी खरी कादंबरी आयुष्यात वाचलेली नाही. पहिल्या अर्ध्या भागात ती आई किती बोलते, हसते, पोरांना रागावते, नवऱ्याला टोमणे मारते. मग तिला बारीक ताप येतो. आपण पान उलटतो, आणि घर तिला सोडून पुढं गेलेलं असतं. ती आहे, पण कोणी तिच्याशी बोलत नाही. लेखक एका शब्दानं कारण देत नाही. काय हिंमत म्हणायची! धाकटा विचारतो आई कुठे आहे, थोरली सांगते आई आत आहे. असं तीन वेळा. एकदाही कोणी आत जाऊन बघत नाही. मी तिसऱ्या वेळी पुस्तक छातीवर ठेवून रडले.

आणि काय काय होतं गं. तिची शिवणाची मशीन विकतात, तिला न विचारता. दिवाणखान्यात तिचा मोठा फोटो लावतात, आणि ती स्वतः आत. पाहुणे फोटोकडे बघून तिचं कौतुक करतात! शेवटी तर नवरा दुसरी बायको घरात आणतो आणि ही चकार शब्द काढत नाही. मी वाट बघत होते की आता तरी ती बाहेर येईल आणि एक ताट आपटेल. नाही. शेवटच्या पानापर्यंत आतच.

सगळ्या कादंबऱ्या आईला मारतात किंवा देवी करतात, तू म्हणालीस ते खरं. या एकानंच लिहिलं की तिला काही होत नाही, ती तिथंच असते, फक्त आपण बघायचं सोडतो.

मग मी आठवत बसले, आईला मी शेवटचं काय विचारलं होतं. म्हणजे तिच्याबद्दल. मला आठवेना. गाडीची किल्ली कुठे, इस्त्रीचे कपडे कुठे, जेवायला काय, हे सगळं विचारलंय. तू कशी आहेस हे कधी विचारलं, आठवत नाही. ती मला टाकून बोलली, त्याचा राग गेलेला नाही, तो आहे तिथंच आहे. पण एका वाक्यासाठी मी तिला आत बसवून ठेवलं. तेव्हा काल तिला पत्र टाकलं. ये, म्हटलं. बाळंतपणाला ये.

या लेखकाची आणखी पुस्तकं असतील तर पाठव.

भिंगरी


६ जुलै

धाकटे,

तू पोरीला काय पाजलंस?

तिचं पत्र आलं. ये म्हणाली आहे. मी ते शिकवणीच्या गाडीतच उघडलं आणि शेजारच्या शिकाऊ माणसानं तेवढ्यात फूटपाथवर चाक चढवलं. मी त्याला काही बोललेसुद्धा नाही, तो बिचारा जास्तच घाबरला.

पण पुढं वाच. लिहिते, "आई, इतकी वर्षं घरात तुझ्याशी कोणी बोलत नव्हतं तेव्हा तुला आत काय वाटत होतं?" मला? माझ्याशी बोलत नव्हते? अगं, आमच्या घरात इतरांना बोलायला मिळत नाही ही तक्रार आहे. मग लिहिते, "तू एकदाही ताट का नाही आपटलंस?" मी किती ताटं आपटली आहेत ते तुला माहीत आहे, दोन तुझ्यादेखत.

मी पत्र तीनदा वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ती मला त्या कादंबरीतली मेलेली बाई समजतेय. तुझं ब्लेड कुठं जाऊन लागलं बघ. आता मी काय करू? जाऊन सांगू का की बये, ती बाई कधीच गेली, हे सगळे तुझ्या मावशीच्या ब्लेडचे पराक्रम? खोट्यावर पाय ठेवून तिच्या घरात शिरायला मला आवडत नाही. पण मला जायचंय. खरंच जायचंय गं. चार महिने झाले, मी तिचा नंबर काढते आणि ठेवून देते.

ताई


१० जुलै

ताई,

गाडीत पेट्रोल भर आणि नीघ. पुस्तकाबद्दल एक अक्षर बोललीस तर याद राख. डॉक्टरांनी तिला धक्का बसू द्यायचा नाही असं बजावलंय.

आणि तिथं गेल्यावर जरा कमी बोल. ती तुला अबोल समजून बोलावतेय, चार दिवस तरी तशी राहा. तोंडाला कुलूप लाव, किल्ली माझ्याकडे पाठव.

धाकटी


१० ऑगस्ट

मावशी,

सगळं उघडकीला आलंय. घाम फुटला ना? फुटू दे.

आई आली, आणि मला वाटलं हिच्या जागी दुसरीच कोणी आलीये. बोलेना. मी म्हटलं, आई, पडदा लावू? मान हलवली. नवरोबानं तिच्यासमोर गाडी चुकीची उभी केली, ती ओठ दाबून बसली. मला इतकं वाईट वाटलं! मी म्हणत होते, बघ, इतक्या वर्षांत आपण हिचं काय करून ठेवलंय. मी तिचा हात हातात घेऊन बसायचे आणि तिला बोलतं करायचा प्रयत्न करायचे. ती तेव्हा छताकडे बघायची. आता कळतंय की हसू दाबत होती.

परवा दुपारी मी तिला म्हटलं, मी तुला एक पुस्तक वाचून दाखवते, ते ऐकून तुला मोकळं वाटेल. शेवटचं प्रकरण काढलं. नवरा दुसरीला घेऊन येतो, थोरली दार उघडते, फोटो भिंतीवर. मला पुढं वाचवेना, मी रडायला लागले. म्हटलं, आई, ती आत बसून हे सगळं ऐकत असेल ना? आणि तुझी ताई, जिनं इतके दिवस कळ काढली होती, ती उठून उभी राहिली.

"अगं बाई, ती मेलीये. मधल्या तापातच गेली. जिवंत बाई एवढा वेळ गप्प बसली असती का?"

मग तिनं पुस्तक उलटं धरून मला शिवण दाखवली, चिकटवलेल्या पट्ट्या नखानं उचलून दाखवल्या. मला आधी राग आला. मग मशीन विकल्याचं आठवलं, पाहुणे फोटोचं कौतुक करतात ते आठवलं, आणि मी हसायला लागले ती थांबेना. आईही हसायला लागली. डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा आम्ही दोघी डोळे पुसत होतो. ब्लडप्रेशर मात्र कधी नव्हे ते बरोबर निघालं, त्यामुळे तुला माफ केलंय. अर्धंच.

उरलेलं अर्धं ऐक. हसून झाल्यावर मला बळ आलं आणि मी विचारून टाकलं. काच खाली करून तू असं असं म्हणाली होतीस, तुला खरंच तसं वाटतं का? तिनं पुस्तक बाजूला ठेवलं. म्हणाली, "मी असं म्हटलं?"

तिला आठवतसुद्धा नाही, मावशी. मी जे वाक्य पोटातल्या बाळाबरोबर वाढवलं, ते तिनं गिअर टाकता टाकता टाकून दिलं होतं. म्हणाली, म्हटलं असेन, मी शिकाऊंनाही रोज म्हणते की तुला जमायचं नाही, मग ते जिद्दीनं शिकतात. मी म्हटलं, मी तुझी शिकाऊ नाही. त्यावर ती काहीच बोलली नाही, आणि हे गप्प बसणं तू सांगितलेलं नव्हतं.

आहे अजून इथंच. माझे पाय चेपते, नवरोबाला गाडी लावायला शिकवते. पण मी विचारलेल्याचं उत्तर तिनं दिलेलं नाही, आणि पुन्हा विचारायचा मला धीर नाही.

भिंगरी


१७ ऑगस्ट

भिंगरे,

अर्ध्या माफीवर मी समाधानी आहे.

कापलेली पानं माझ्या खणात आहेत, पण ती पुन्हा शिवणार नाही. त्या पुस्तकाला आता तू वाचलंस तेच बरं दिसतं. सभासदांना द्यायचं नाही म्हणून कपाटाच्या मागं ठेवीन.

आईनं उत्तर दिलं नाही म्हणतेस. ती पायाखालच्या ब्रेकनं उत्तर देणारी बाई आहे, तोंडानं देता येत नाही तिला. एवढं मात्र मी शपथेबाहेर सांगते, चार महिने ती तुझा नंबर काढून परत ठेवत होती.

मावशी


९ सप्टेंबर

धाकटे,

मुलगी झाली हे तुला फोनवर कळलंच आहे. वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला. आवाज आपल्या घरचा आहे, सोसायटीत सगळ्यांना कळून चुकलंय. घरी येऊन आठवडा झाला. पण काल जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहिते.

सकाळपासून पोरगी रडत होती. दूध पाजून झालं, दुपटं बदललं, खांद्यावर घेतलं, काही केल्या थांबेना. जावई कामावर. भिंगरी तिला घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत होती, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. मी ओट्याशी उभी राहून स्वतःची जीभ चावत होते. डोकं असं धर, पाठीवर थोपट, मोठा दिवा घालव, सगळं तोंडाशी येत होतं. तू बोलू नकोस म्हणालीस म्हणून नाही, माझं मलाच वाटलं की आता नको.

मग ती माझ्यासमोर येऊन थांबली. पोरगी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू म्हणाली होतीस तेच खरं आहे, आई. मला नाही जमत. मला तुझ्या गाडीची किल्ली दे, मला कुठं जायचं नाहीये, नुसतं आत बसायचंय, काचा लावून."

मला इतकी भीती वाटली. तिच्या चेहऱ्याची नाही, माझ्या त्या वाक्याची. मी कधी म्हटलं ते मला अजूनही आठवत नाही, पण ते तिच्या आत कुठवर जाऊन बसलंय ते मी काल पाहिलं.

मी किल्ली दिली. म्हटलं, तू झालीस तेव्हा मीही हेच करायचे. तू रडायला लागलीस की तुला मावशीच्या हातात द्यायचे आणि खाली गाडीत जाऊन बसायचे. धाकटे, तू तेव्हा आमच्याकडे होतीस, तुला आठवत असेल. तुला वाटायचं मी तेल बघायला जाते. मी नुसती बसायचे गं, स्टिअरिंगवर कपाळ टेकून.

भिंगरी किल्ली हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "आणि मग?"

"मग वर यायचे. रोज आले."

तिनं पायात चपला सरकवल्या. मग गाऊनवरच जिना उतरली. मी तिला म्हटलं नाही की लवकर ये, काही पांघरून जा, काच थोडी उघडी ठेव. शेवटचं म्हणायला हवं होतं, पण तिनं ती ठेवलीच होती, मी वरून पाहिलं.

पोरगी माझ्या खांद्यावर थोडा वेळ किंचाळली, मग दमून हुंदके द्यायला लागली. मी तिला खिडकीशी नेलं. खाली माझी गाडी, सीट मागं कललेली, आणि आमची भिंगरी तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. मी पोरीचं तोंड तिकडे वळवलं आणि सांगितलं, ती बघ, ती तुझी आई. झोपलीये. येईल.

ताई